अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनर व्हायला आता मास्टर्स लागते. ती दोन वर्षं जातात कशात?

२ जानेवारी २०२३ च्या रात्री सिनसिनाटीच्या मैदानात बफेलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा २४ वर्षांचा डमार हॅमलिन प्रतिस्पर्ध्याला अडवून उठून उभा राहिला आणि लगेच मागच्या मागे कोसळला. हृदय बंद पडलं होतं. छातीवर नको त्या क्षणी, नको त्या जागी दणका बसला की हृदयाची लय बिघडते. तसा हा दुर्मीळ प्रकार होता. धावत जाऊन ज्याने त्याची छाती दाबायला सुरुवात केली तो डेनी केलिंग्टन डॉक्टर नव्हता. तो संघाचा सहायक अ‍ॅथलेटिक ट्रेनर होता. हॅमलिन वाचला आणि पुढच्या हंगामात पुन्हा खेळला.

अमेरिकेत ज्या मराठी घरांतली मुलं शाळेच्या संघात आहेत, त्यांना हा पेशा रोज दिसतो. मैदानाच्या कडेला उभी असलेली, कमरेला पाऊच लावलेली व्यक्ती, शेजारी बर्फाची पेटी आणि पाण्याचे कॅन. इकडे बी.पी.टी. (फिजिओथेरपीची पदवी) करणाऱ्या आणि खेळाच्या क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींनाही परदेशी विद्यापीठांच्या यादीत हे नाव भेटतं. दोघांनाही एकच गोष्ट चक्रावून टाकते: पट्ट्या बांधायला आणि बर्फ लावायला मास्टर्स कशाला?

पट्ट्या आणि बर्फ ही या कामाची लांबून दिसणारी बाजू. खरं काम आहे निर्णयाचं. तोही बहुतेक वेळा एकट्याने, जवळ डॉक्टर नसताना, समोर खेळ चालू असताना घ्यायचा. हा निर्णय वर्गात बसून शिकवता येत नाही आणि खऱ्या खेळाडूवर एकट्याला चुका करूही देता येत नाहीत. सगळा अभ्यासक्रम या पेचाभोवती उभा आहे.

आधी हे काम नेमकं काय ते बघू

अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणजे व्यायाम करून घेणारा जिममधला ट्रेनर नव्हे आणि संघाचा कोचही नव्हे. अमेरिकेत हा आरोग्यसेवेतला परवानाधारक पेशा आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याला १९९० मध्ये आरोग्यसेवेतला पेशा म्हणून मान्यता दिली. काम डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली किंवा त्यांच्या सहकार्याने चालतं. दुखापत टाळणं, झाली तर ओळखणं, जीवघेण्या प्रसंगात लगेच उपचार करणं, नंतर खेळाडूला पुन्हा उभं करणं आणि या सगळ्याच्या नोंदी ठेवणं, असा त्याचा आवाका आहे.

फिजिओथेरपिस्टपासून तो वेगळा कुठे पडतो? वेळेत. फिजिओकडे पेशंट बहुधा दुखापतीनंतर काही दिवसांनी, निदान होऊन, कागद घेऊन येतो. अ‍ॅथलेटिक ट्रेनरने ती दुखापत होताना पाहिलेली असते. याचा फायदा मोठा असतो. गुडघा पिरगळल्यावर पहिल्या काही मिनिटांत सूज चढलेली नसते, स्नायू आखडलेले नसतात, त्यामुळे लिगामेंट शाबूत आहे का हे हाताने तपासता येतं. तासाभराने तोच गुडघा फुगून घट्ट झालेला असतो आणि तीच तपासणी काही सांगत नाही. पण पहिल्या मिनिटाला समोर असणाऱ्याकडे एक्स-रे नसतो, एमआरआय नसतो आणि सल्ला विचारायला वरिष्ठही नसतात. हात, डोळे आणि दोन-चार नेमके प्रश्न, एवढ्यावरच भागवायचं असतं.

हे लोक फक्त स्टेडियममध्येच असतात असंही नाही. लष्करात, अग्निशमन दलात, कारखान्यांत, नृत्यसंस्थांत, हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, सगळीकडे ते आहेत. दिवसभर गोदामात खोकी उचलणाऱ्याची पाठ आणि भालाफेक करणाऱ्याचा खांदा, दोन्ही त्यांच्या कामात येतात.

मास्टर्सची अट आली कुठून?

या लोकांची संघटना, नॅशनल अ‍ॅथलेटिक ट्रेनर्स असोसिएशन, १९५० मध्ये कॅन्सस सिटीत सुरू झाली. प्रमाणपत्राची परीक्षा आली १९७० मध्ये. त्यानंतर बरीच वर्षं या पेशात शिरायला दोन वाटा होत्या. एक, मान्यताप्राप्त पदवी. दुसरी वाट उमेदवारीची: कुठल्याही विषयाची पदवी घ्यायची, ठरावीक विषय करायचे आणि अनुभवी माणसाच्या हाताखाली दीड हजार तास भरायचे. दुसरी वाट २००४ मध्ये बंद झाली. तास भरले म्हणजे काम आलं, असं धरून चालता येत नाही, हे तोवर पेशातल्या लोकांना पटलं होतं. दीड हजारांतले हजार तास बाटल्या भरण्यात गेले असतील तर?

मग मे २०१५ मध्ये पेशातल्या प्रमुख संस्थांनी मिळून जाहीर केलं की यापुढे प्रवेशाची पदवी मास्टर्सचीच असेल. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने झाली. २०२२ च्या शरद सत्रानंतर पदवी पातळीवर नवे विद्यार्थी घेणं बंद झालं. अभ्यासक्रमांना मान्यता देणारी एक स्वतंत्र संस्था आहे. पुढे तिला नुसतं ‘आयोग’ म्हणतो. तिचे नवे निकष १ जुलै २०२० पासून लागू झाले आणि आजचे सगळे कार्यक्रम त्यांवर चालतात.

इथे एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आधीही या पेशातल्या बहुतेकांकडे मास्टर्स होतीच, फक्त ती उलट्या क्रमाने व्हायची. पदवी घेऊन, परीक्षा पास होऊन मूल बाहेर पडायचं आणि एखाद्या विद्यापीठात ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’ म्हणून लागायचं. विद्यापीठ फी माफ करायचं, थोडा भत्ता द्यायचं आणि त्या बदल्यात एखादा अख्खा संघ त्याच्या गळ्यात टाकायचं. मास्टर्सचा विषय कधी कधी भलताच असायचा, क्रीडा व्यवस्थापन किंवा शिक्षणशास्त्र. म्हणजे पदवी वाढायची, पेशातलं ज्ञान वाढेलच असं नाही. विद्यापीठांना मात्र प्रमाणपत्र असलेली माणसं स्वस्तात मिळायची. नव्या अटीने ही सोय आटली. काही ठिकाणी पूर्ण पगाराच्या जागा काढाव्या लागल्या, काही ठिकाणी खेळाडू जास्त आणि ट्रेनर कमी अशी ओढाताण झाली. या बदलाला झालेल्या विरोधामागे शिक्षणाची काळजी जितकी होती तितकीच ही हिशेबाची अडचण होती, असं माझं मत आहे.

वर्गात काय शिकवतात?

आत शिरतानाच अट असते: जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय महाविद्यालयीन पातळीवर झालेले हवेत. कार्यक्रम साधारण दोन वर्षांचा. काही विद्यापीठं तीन वर्षं पदवीची आणि दोन मास्टर्सची असं जोडून पाच वर्षांत दोन्ही देतात.

हाडं, स्नायू, सांधे हा पाया आहेच. पण आयोगाच्या यादीत जे आहे ते वाचून ‘बर्फ आणि पट्ट्या’वाले चकित होतील. दम्याच्या झटक्यात नेब्युलायझर लावणं, तीव्र अ‍ॅलर्जीत एपिनेफ्रिनचं इंजेक्शन देणं, मधुमेही खेळाडूची साखर तपासून ग्लुकॅगॉन देणं, अमली पदार्थाच्या अतिसेवनात नाकातून नॅलॉक्सोन मारणं, रक्तस्राव थांबवायला टूर्निके बांधणं, जखम बंद करणं, निखळलेला सांधा जागेवर बसवणं. अमेरिकन फुटबॉलचं हेल्मेट आणि खांद्याची पॅड अंगावर असताना मानेला धक्का न लावता श्वासाचा मार्ग मोकळा कसा करायचा, त्यासाठी हेल्मेटची जाळी बॅटरीवरच्या स्क्रू-ड्रायव्हरने कशी उतरवायची आणि स्क्रू गंजलेला निघाला तर कशाने कापायची, हेही त्यात येतं. नैराश्य, खाण्याचे विकार, आत्महत्येचे विचार ओळखून योग्य माणसाकडे पाठवणं हासुद्धा अभ्यासक्रमाचा भाग आहे. अठरा वर्षांचं पोर प्रशिक्षकाला जे सांगणार नाही, ते घोट्याला पट्टी बांधून घेताना सांगतं.

यातला एकच विषय जरा सविस्तर बघू, म्हणजे शिक्षण कशासाठी आहे ते कळेल: श्रमाने होणारा उष्माघात.

ऑगस्टचा महिना, फुटबॉलचा सराव, अंगावर पॅड. एक खेळाडू अडखळतो, काहीतरी असंबद्ध बोलतो, चिडतो, पडतो. शरीराच्या आतलं तापमान ४०.५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं असेल तर आता घड्याळ सुरू झालं. अर्ध्या तासाच्या आत ते ३८.९ च्या आसपास आणलं तर माणूस वाचतो. उशीर झाला तर यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांचं नुकसान होत जातं. पण आतलं तापमान मोजायचं कसं? कपाळावरचं, काखेतलं, कानातलं, तोंडातलं मोजमाप घामाने, वाऱ्याने, प्यायलेल्या पाण्याने फसवतं. अशा वेळी मैदानावर भरवसा ठेवता येतो तो गुदद्वारातून घेतलेल्या तापमानावर. विद्यार्थ्याला हे शरीराच्या मॉडेलवर करायला शिकवतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आडोसा कसा धरायचा, शेजारी दुसरी व्यक्ती का हवी आणि हंगाम सुरू व्हायच्या आधीच प्रशिक्षक आणि पालकांना हे कसं समजावून ठेवायचं, तेही शिकवतात. कारण लाजेपोटी तापमान घेतलं नाही तर निदान होत नाही, आणि निदान झालं नाही तर सगळे अँब्युलन्सची वाट बघत बसतात.

उपचार साधा आहे: बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबात गळ्यापर्यंत बुडवायचं, पाणी ढवळत राहायचं. टब नसेल तर ताडपत्रीची खोळ करून त्यात पाणी आणि बर्फ ओतायचा. आधी थंड करायचं, मग हलवायचं; दवाखान्याकडे पळायची घाई इथे घातक ठरते. मॅसॅच्युसेट्समधल्या फालमथच्या शर्यतीत १८ वर्षांत या प्रकाराचे २७४ रुग्ण नोंदले गेले आणि सगळे वाचले, कारण शर्यतीच्या शेवटी टब तयार ठेवलेले असतात. उलट २००१ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर सरावातल्या उष्माघाताने गेला. त्याच्या नावाची संस्था २०१० पासून कनेक्टिकट विद्यापीठात हेच शिकवते आणि यावरच संशोधन करते.

हे सगळं पुस्तकात एका पानात मावतं. मग दोन वर्षं कशाला? कारण पान वाचलेल्या माणसाला प्रत्यक्षात पहिला प्रश्न पडतो तो ‘हा नुसता दमलाय की…?’ असा. आणि त्याच वेळी प्रशिक्षक मागून ओरडत असतो की नाटकं करतोय तो.

‘प्रिसेप्टर’ म्हणजे कोण?

क्लिनिकल प्रशिक्षण म्हणजे खऱ्या पेशंटवर, खऱ्या ठिकाणी, देखरेखीखाली केलेलं काम. ज्याच्या देखरेखीखाली ते होतं तो प्रिसेप्टर. तो स्वतः परवानाधारक आरोग्यसेवक असतो, विद्यापीठात वर्ग घेणारा प्राध्यापक असेलच असं नाही. एखाद्या हायस्कूलचा ट्रेनर, एखाद्या क्लिनिकमधली डॉक्टर, कारखान्यातल्या आरोग्य केंद्रातला माणूस, कोणीही असू शकतो.

आयोगाचा नियम असा की प्रिसेप्टर त्या जागी हजर हवा आणि गरज पडली तर त्याला मध्ये पडून सूत्रं हातात घेता यायला हवीत. फोनवर उपलब्ध असणं चालत नाही. पण नियमाची दुसरी बाजूही आहे: विद्यार्थ्याला कायम कडेला उभं करायचं नाही. त्याचं ज्ञान आणि प्रसंगाचं गांभीर्य पाहून त्याच्या हाती हळूहळू जास्त काम द्यायचं.

घोटा मुरगळलेला खेळाडू घ्या. पहिल्या महिन्यात विद्यार्थी फक्त बघतो. मग तो आधी तपासतो, प्रिसेप्टर नंतर तपासतो आणि दोघांची निरीक्षणं ताडून बघतात. घोट्याचा एक्स-रे काढायचा की नाही यासाठी कॅनडातल्या ओटावात तयार झालेले काही नियम आहेत: ठरावीक ठिकाणी हाड दाबल्यावर दुखतं का, स्वतःच्या पायावर चार पावलं टाकता येतात का, वगैरे. विद्यार्थी नियम पाठ म्हणून दाखवतो. प्रिसेप्टर विचारतो, ‘मग आता याला पाठवायचं की नाही? आईला फोन करून काय सांगशील?’ तिथे पाठांतर संपतं. काही महिन्यांनी तपासणी, निर्णय, आईला फोन, नोंद हे सगळं विद्यार्थी करतो आणि प्रिसेप्टर दहा पावलं मागे हाताची घडी घालून उभा असतो. त्या दहा पावलांत सगळं शिक्षण आहे. फार जवळ उभा राहिला तर विद्यार्थी निर्णय घ्यायला शिकत नाही. फार लांब गेला तर खेळाडू धोक्यात येतो.

डोक्याच्या माराचंही तसंच. वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये झॅकरी लिस्टेड या मुलाच्या नावाने कायदा केला: मेंदूला धक्का बसल्याची शंका असलेलं मूल त्या दिवशी मैदानात परत जाणार नाही आणि नंतरही लेखी परवानगीशिवाय जाणार नाही. पुढे सगळ्याच राज्यांत असे कायदे आले. अमेरिकेतल्या मराठी पालकांकडून शाळा हंगामाच्या सुरुवातीला जो सही करून घेते तो कागद यातूनच आला. परत खेळायचं ते टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्यात किमान एक दिवस. मुलगा मात्र ‘मी ठीक आहे’ म्हणतो, कारण शनिवारी सामना असतो. तो खोटं बोलतोय हे कळायला त्याच्याशी आधीपासून ओळख लागते, आणि विद्यार्थ्याने एकाच ठिकाणी पुरेसा काळ काढायचा तो यासाठी.

विद्यार्थी म्हणजे फुकटचा कर्मचारी नव्हे, हेही आयोग मानतो. प्रत्येक कार्यक्रमाने क्लिनिकल तासांची किमान आणि कमाल मर्यादा ठरवून ती पाळायची असते. जुन्या काळात कमाल मर्यादा कुणाच्या गावीही नव्हती.

चार आठवडे सलग कशासाठी?

नव्या निकषांतला मला सगळ्यात शहाणपणाचा वाटलेला बदल हा: प्रत्येक विद्यार्थ्याला किमान एकदा तरी निदान चार आठवडे सलग, पूर्णवेळ एका ठिकाणी काम करावं लागतं. जुन्या पद्धतीत सकाळी वर्ग आणि दुपारी तीनला मैदान असा दिवस असायचा. दर रविवारी शेतावर चक्कर मारणाऱ्याला पेरणी दिसते, कापणी दिसते, पण अळी कुठल्या दिवशी पडली ते कळत नाही. तसंच दुपारी येणाऱ्या विद्यार्थ्याला दुखापत दिसायची आणि महिन्याने बरा झालेला खेळाडू दिसायचा. मधलं बरंच निसटायचं: सकाळी डॉक्टरांशी झालेलं बोलणं, विम्याची कटकट, पालकांचा वैतागलेला फोन, आठव्या दिवशी अचानक परत आलेली सूज. पूर्णवेळ राहिल्यावर एकाच पेशंटचा प्रवास सलग बघता येतो आणि शुक्रवारी घेतलेला निर्णय सोमवारी अंगावर येतो तेव्हा पळून जायला वर्गाचा तास नसतो.

पेशंटही एकाच छापाचे चालत नाहीत. वेगवेगळ्या वयाचे, स्त्रिया आणि पुरुष, वेगवेगळ्या आर्थिक स्तरांतले, खेळणारे आणि न खेळणारे, असे सगळे विद्यार्थ्याच्या हाताखालून जायला हवेत. जे प्रसंग नशिबाने समोर येतच नाहीत, मानेची दुखापत किंवा हृदय बंद पडणं, ते पुतळ्यांवर आणि पेशंटची भूमिका करणाऱ्या माणसांवर घोटून घेतात.

शेवटी बोर्ड ऑफ सर्टिफिकेशनची परीक्षा: १७५ प्रश्न, चार तास. मग राज्याचा परवाना. ४९ राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये या पेशाचं कायद्याने नियमन होतं. कॅलिफोर्नियात, एवढ्या मोठ्या आणि श्रीमंत राज्यात, अजूनही परवान्याची पद्धत नाही. म्हणजे तिथे शाळेने नेमलेला माणूस खरंच शिकलेला आहे का, हे पालकांनी स्वतः विचारून घ्यायचं.

‘पण पगाराचं काय?’

ही हरकत रास्त आहे आणि तिचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानुसार मे २०२३ मध्ये अ‍ॅथलेटिक ट्रेनरचा मध्य वार्षिक पगार ५७,९३० डॉलर होता. त्याच वेळी फिजिओथेरपिस्टचा होता ९९,७१०. फिजिओला तिथे साधारण तीन वर्षांची डॉक्टरेट करावी लागते हे खरं, पण एका वर्षाच्या फरकासाठी ही दरी फार मोठी आहे. शिवाय ट्रेनरच्या संध्याकाळी आणि शनिवार-रविवार मैदानात जातात. पेशाने अट वाढवली, पण वाढलेलं बिल विद्यार्थ्याच्या नावावर फाडलं. शाळा आणि विद्यापीठांनी पगार त्या मानाने वाढवले नाहीत. अट वाढल्यावर बऱ्याच लहान महाविद्यालयांनी हा कार्यक्रमच बंद केला, आणि गावाकडच्या शाळांना माणसं पुरवणारी महाविद्यालयं बऱ्याचदा तीच होती. आजही अमेरिकेतल्या सुमारे एक तृतीयांश हायस्कूलमध्ये ट्रेनर येतच नाही. मास्टर्सवाल्यांची संख्या कमी असेल तर ही पोकळी लवकर भरणार नाही.

तरीही मागे वळून पदवीवर जावं असं मला वाटत नाही. नॅलॉक्सोन देणारा, उष्माघात ओळखणारा आणि डॉक्टरशी बरोबरीने बोलणारा माणूस हवा असेल, तर विज्ञानाचा पाया आधी आणि पेशाचं शिक्षण नंतर हा क्रम बरोबर आहे. फक्त त्याची किंमत कोण देणार हे ठरवायचं राहून गेलं.

‘मास्टर्स केली म्हणजे चुका होणार नाहीत का?’

होतील. २९ मे २०१८ रोजी मेरिलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा फुटबॉलपटू जॉर्डन मॅकनेअर सरावात कोसळला आणि १३ जूनला गेला. उष्माघातच होता. स्वतंत्र चौकशीत पुढे आलं की त्याचं तापमान घेतलं गेलं नव्हतं आणि त्याला थंड पाण्यात ठेवलं गेलं नव्हतं. तिथे ट्रेनर नव्हते असं नाही; मोठ्या विद्यापीठाचा मोठा कार्यक्रम होता. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी नंतर कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली.

तेव्हा पदवी हा विमा नव्हे. सवय मोडते, लाज आडवी येते, प्रशिक्षकाचा दबाव असतो. शेवटच्या मुद्द्यावर कॉलेज खेळांची संघटना एनसीएएने, निदान मोठ्या पाच कॉन्फरन्सपुरता (म्हणजे विद्यापीठांच्या गटांपुरता), २०१६ मध्ये नियम केला: खेळाडू खेळायला योग्य आहे की नाही हा निर्णय वैद्यकीय लोकांचाच, प्रशिक्षकाने त्यात ढवळाढवळ करायची नाही. पण बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने, लाखो डॉलर पगार घेणाऱ्या प्रशिक्षकाला ‘हा आज खेळणार नाही’ असं सांगायचं, ते नियमाच्या कागदाने जमत नाही. प्रिसेप्टरने ते चार लोकांसमोर, आवाज न चढवता केलेलं तिने पाहिलेलं असावं लागतं. प्रिसेप्टरच प्रशिक्षकापुढे मान डोलावणारा असेल, तर तीही तेच उचलते. क्लिनिकल जागा निवडताना विद्यापीठं सगळ्यात कमी बघतात ते हे, आणि माझ्या मते आधी बघायला हवं ते हेच.

बी.पी.टी. झालेल्यांनी काय समजून घ्यावं

भारतात हा वेगळा पेशा म्हणून रुजलेला नाही. संघाबरोबरचं हे काम आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट करतात. क्रिकेटमध्ये खेळाडू पडला की धावत जाणारा ‘फिजिओ’ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे, आणि व्यायामाचं बघणारा ‘ट्रेनर’ वेगळा असतो. शालेय आणि जिल्हा पातळीवर मात्र बहुधा यातलं कुणीच नसतं, प्रथमोपचार पी.टी.च्या सरांच्या अंदाजावर चालतो.

बी.पी.टी.च्या जोरावर अमेरिकेतली अ‍ॅथलेटिक ट्रेनरची परीक्षा थेट देता येत नाही. आयोगाची मान्यता असलेला कार्यक्रम पूर्ण करावाच लागतो. परस्पर-मान्यतेची सोय कॅनडा, आयर्लंड अशा मोजक्या देशांमधल्या याच पेशाच्या लोकांपुरती आहे. बारावीचं भौतिक-रसायन बहुतेक ठिकाणी पुरत नाही, कारण ते विषय महाविद्यालयीन पातळीवर मागितले जातात. बी.पी.टी.च्या अभ्यासक्रमातून कुठला विषय धरला जाईल हे विद्यापीठागणिक बदलतं, म्हणून अर्जाची फी भरण्याआधी गुणपत्रिका पाठवून लेखी उत्तर घ्यावं. तिकडे जाऊन फिजिओथेरपिस्ट म्हणूनच काम करायचं असेल तर ही वाट नव्हेच; दोन्ही परवाने वेगळे आहेत.

कार्यक्रम निवडताना क्रमवारी आणि स्टेडियमचे फोटो बाजूला ठेवा. पहिल्याच प्रयत्नात परीक्षा पास होणाऱ्यांचं प्रमाण, किती जण अभ्यास पूर्ण करतात आणि किती जणांना काम मिळतं, हे आकडे प्रत्येक कार्यक्रमाला जाहीर करावे लागतात. तीन वर्षांचा एकत्रित पहिल्या प्रयत्नाचा निकाल ७० टक्क्यांच्या खाली असेल तर कार्यक्रम आयोगाच्या निकषातच बसत नाही. त्यानंतर चालू विद्यार्थ्यांना गाठून दोन गोष्टी विचारा: पूर्णवेळाचे चार आठवडे कुठे काढले, आणि तिथे पहिला निर्णय स्वतः घेतला तेव्हा प्रिसेप्टर कुठे उभा होता. दुसऱ्या प्रश्नावर जो विद्यार्थी थांबून, आठवून, नेमका प्रसंग सांगतो, त्याच्या विद्यापीठाचा अर्ज आधी भरा.